मेलेल्या म्हशीचा पंचनामा आणि आपला हिशेब

पेठ वडगावच्या सोमवारच्या बाजारात चांगल्या दुभत्या म्हशीची बोली लाखाच्या घरात जाते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात वारणाकाठची निलेवाडी, खोची, भेंडवडे ही गावे पाण्यात गेली, तेव्हा आपत्ती मदतीच्या निकषांत हीच म्हैस 30,000 रुपयांची होती. शेळी 3,000 ची. कोंबडी 50 ची, तीही घरटी 5,000 पर्यंतच. 2022 नंतर म्हशीचे 37,500 झाले, शेळीचे 4,000. रक्कम तुटपुंजी आहे हे सगळेच बोलतात. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ती पडते कुणाच्या हातात?

याचे मूळ इंग्रजी अमदानीत आहे. 1876-78 च्या दुष्काळानंतर दुष्काळ संहिता आल्या. 1884 च्या कायद्याने बैल-बियाण्यासाठी तगाई मिळू लागली. तगाई म्हणजे कर्ज, आणि कर्जाला तारण हवे. जमीनवाल्याला तगाई, बिनजमिनीच्याला खडी फोडायचे काम. कायद्यात जात कुठेही लिहिलेली नव्हती. लिहायची गरजच नव्हती, जमिनीची वाटणी जातीने आधीच केली होती.

महारांना वतन होते की, असे कुणी म्हणेल. ते वतन म्हणजे गावाची वेठ. शाहू महाराजांनी 1918 मध्ये करवीर संस्थानात ते मोडले. मुंबई राज्यात कायदा व्हायला 1958 उजाडले. त्या वेठीतच मेलेले ढोर ओढणे आले. जिवंत बैल पाटलाचा, मेला की महाराचा! 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी हे काम आणि मृतमांस सोडायला सांगितले. त्यावर ढोरे ओढण्यात वर्षाला किती फायदा होतो याचा हिशेब मांडणारेही निघाले. धर्मांतरानंतर 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्या हिशेबाचा समाचार घेतला: एवढा फायदा असेल तर तुम्हीच ओढा.

मग 2019 मध्ये पूर ओसरल्यावर गोठ्यातली फुगलेली जनावरे कुणी उचलली? प्रत्येक कार्यकर्त्याने हे आपापल्या गावात विचारून पाहावे. जनावराच्या मरणाचा मोबदला मालकाला मिळतो, हे ठीकच. मढे उचलणाऱ्या हातांची नोंद मात्र पंचनाम्याच्या कागदावर नसते.

केंद्राच्या 2015 च्या निकषांत या मदतीचे शीर्षकच अल्प व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी असे होते. मदत घरटी तीन मोठ्या दुभत्या किंवा तीस लहान जनावरांपुरती. ऑक्टोबर 2025 च्या राज्याच्या पॅकेजने तीन जनावरांची अट काढली. मोठ्या गोठ्याचेही नुकसान होते, त्याला आमचा विरोध नाही. पण ज्या बाईकडे दुसऱ्याची एकच शेळी अर्धलीवर आहे, तिच्यासाठी कुठली अट निघाली?

अर्धली म्हणजे जनावर मालकाचे, राबणूक आपली, पिलांत निम्मा वाटा. आमच्या वस्त्यांत कितीतरी बाया अशाच शेळ्या सांभाळतात. बांधावरचा पाला तिने आणायचा, रात्री आजारी करडू तिने उशाशी घ्यायचे. व्यवहार तोंडी, त्यामुळे कागद नाही.

पुरानंतर अर्ज भरून द्यायला आम्ही एका वस्तीत बसलो होतो. एका मावशींनी विचारले, "बाळा, शेळी त्येंची, पर पोटातली पिल्लं निम्मी माझी. ती कुठं लिव्हायची?" आम्ही अर्ज उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. तिथेच त्यांचे म्हणणे लिहून घेतले, अंगठा घेतला आणि अर्ज तसाच दिला. मदत मालकाच्या खात्यावर आली. मावशींनी पुढच्या पावसाळ्यापर्यंत दुसरी शेळी अर्धलीवर घेतली होती, त्याच मालकाची.