अग्निमुंगीचा दंश

सोलेनॉप्सिस वंशातील काही मुंग्यांच्या नांगीतून विष शरीरात शिरल्याने होणारी इजा. या मुंग्यांपैकी माणसाला सर्वाधिक जाचक ठरलेली जाती म्हणजे सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा, म्हणजेच तांबडी अग्निमुंगी. तिचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील पाराना व पॅराग्वे नद्यांच्या खोऱ्यात आहे. जहाजांतील मालाबरोबर ती अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मोबील बंदरात पोहोचली. तेथे १९४२ मध्ये तिची नोंद करणारा शाळकरी मुलगा, ई. ओ. विल्सन, पुढे थोर मुंगीशास्त्रज्ञ झाला. ब्रिस्बेनमध्ये ती २००१ साली आढळली. त्यानंतर तैवान, चीन आणि सिसिलीतही तिने बस्तान बसवले.

कामकरी मुंगी जेमतेम २ ते ६ मिमी. लांब असते. वारुळाला धक्का लागताच अशा शेकडो मुंग्या पायावर चढतात. प्रत्येक मुंगी जबड्याने कातडी घट्ट धरते, पोट वाकवून नांगी खुपसते आणि जबडा न सोडता अंग फिरवत पुन्हा पुन्हा डंख मारते. त्यामुळे डंखांचे कडे उमटते. जबड्याची पकड घट्ट असल्याने नुसत्या पाण्याने मुंग्या निघत नाहीत, त्या हाताने झटकून काढाव्या लागतात.

विषाचा सुमारे ९५ टक्के भाग पिपरिडीन अल्कलॉइडांचा असतो. आग होते, गांधी उठते व साधारण दिवसभरात तेथे पांढरट फोड येतो. तो पुवाचा दिसला तरी त्यात जंतू नसतात. तो फोडल्याने किंवा खाजवल्यानेच जंतुसंसर्ग होतो, म्हणून तो तसाच राहू द्यावा. थंड पाण्याच्या पट्ट्यांनी आराम पडतो.

जिवाला धोका असतो तो विषातील अत्यल्प प्रथिनांमुळे. पूर्वीच्या दंशाने ज्यांचे शरीर या प्रथिनांना संवेदनक्षम झाले आहे, अशा काही थोड्या लोकांना एका डंखानेही तीव्र ॲलर्जी (ॲनाफिलॅक्सिस) होऊ शकते. डंखापासून दूर अंगभर पित्त उठणे, ओठ वा घसा सुजणे, धाप, उलट्या, चक्कर ही तिची लक्षणे. अशा वेळी मांडीच्या स्नायूत ताबडतोब ॲड्रेनॅलीनचे इंजेक्शन द्यावे लागते. ॲलर्जीच्या गोळ्यांवर विसंबून वाट पाहणे घातक ठरते. पुढील दंशांपासून संरक्षणासाठी मुंग्यांच्या संपूर्ण शरीराच्या अर्काची इंजेक्शने दीर्घकाळ देतात.

स्वतःहून दूर होऊ न शकणाऱ्यांची काळजी सर्वांत जास्त घ्यायला हवी. अमेरिकेत शुश्रूषागृहांतील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांवर या मुंग्यांनी हल्ले केल्याच्या व त्यांत मृत्यू ओढवल्याच्याही नोंदी आहेत. पुरात त्या एकमेकींना धरून तरंगता तराफा करतात. पाण्यातून चालणाऱ्याला तो लागला, तर त्या अंगावर चढतात.

भारतात याच वंशातील सोलेनॉप्सिस जेमिनाटा ही मूळची अमेरिका खंडातील जाती आढळते. तिच्या डंखानेही तीव्र ॲलर्जी झाल्याची उदाहरणे आहेत. कोकणात आंब्याच्या झाडावर पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या मात्र वेगळ्या. त्या नांगी मारत नाहीत; चावा घेऊन त्यावर फॉर्मिक आम्ल सोडतात.