बिनधोक विचारण्याची जागा

१९३४ च्या फेब्रुवारीत मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांना अटक झाली. त्याआधी १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झालेला होताच. या वेळचा आरोप मात्र लेखाबद्दल नव्हता. वाचकांनी आपल्या खासगी कामजीवनाविषयी, हस्तमैथुनाविषयी, समलिंगी संबंधांविषयी प्रश्न विचारले होते आणि आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या डिसेंबर १९३३ च्या अंकात कर्व्यांनी त्यांना सरळ उत्तरे दिली होती. ती उत्तरे अश्लील आहेत, असे सरकारचे म्हणणे होते. पुणे कराराला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या खांद्यावर कामाचा डोंगर होता, तरीही कर्व्यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लिखाण अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता आणि त्यासाठी त्यांनी लैंगिकतेचे अभ्यासक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. २८ फेब्रुवारी ते २४ एप्रिल खटला चालला, कर्वे हरले आणि दोनशे रुपये दंड झाला. हा खटला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. माणसाला स्वतःच्या कामजीवनाबद्दल खरी माहिती कुठून मिळते, या प्रश्नाचे आपल्या भाषेतले सर्वांत चांगले उत्तर त्या शिक्षा झालेल्या पानांवर होते. ते उत्तर म्हणजे प्रश्नोत्तराचे सदर.

हे म्हणणे पटायला जरा मागे जावे लागते. वात्स्यायनाचे कामसूत्र सुमारे तिसऱ्या शतकातले मानतात. त्यातल्या आसनांचीच चर्चा होत राहिल्यामुळे पहिल्या अधिकरणातला एक वाद दुर्लक्षित राहिला. स्त्रियांना शास्त्र कळत नाही, तेव्हा त्यांना ते शिकवणे व्यर्थ, असे काही आचार्य म्हणत. वात्स्यायन ते मान्य करत नाही. मग मुलीने हे शिकावे कुणाकडून, याची तो यादीच देतो: बरोबर वाढलेली, संसाराचा अनुभव घेतलेली दाईची मुलगी, तशीच मैत्रीण, बरोबरीच्या वयाची मावशी, विश्वासातली म्हातारी दासी, पूर्वपरिचयाची भिक्षुणी, थोरली बहीण. मैत्रिणीसाठी तो जी अट घालतो ती फार नेमकी आहे. जिच्याशी बोलण्यात धोका नाही, अशी ती हवी. या यादीत आई नाही, गुरू नाही, वैद्यही नाही. ज्याच्या हाती आपल्यावरची सत्ता आहे त्याला माणूस हा प्रश्न विचारू शकत नाही, हे त्या शास्त्रकाराला दीड हजार वर्षांहून आधी कळले होते. ज्ञानाचा साठा शास्त्रात असला तरी ते पोचायला बिनधोक बोलण्याची जागा लागते, हे त्याने ओळखले.

महाराष्ट्रात ही जागा बायकांच्या गोतावळ्यात होती, असे म्हणण्याचा मोह होतो. मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवत, ओटी भरत, गाणी म्हणत, गोडधोड करत. आळीभर वार्ता जाई. आज पाळीचे नाव काढायला लाजणाऱ्यांना हा मोकळेपणा हेवा वाटण्याजोगा वाटतो. पण त्या सोहळ्याने मुलीला काय सांगितले? तिच्या शरीरात काय घडते आहे हे नाही, तर ती आता सासरी पाठवण्याजोगी झाली, एवढेच. न्हाणामागून गर्भाधानाचा विधी येई, आणि त्याला धक्का लागतो म्हणून १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर, म्हणजे वय दहावरून बारावर नेण्यावर, पुण्यात केवढे रण माजले हे सर्वांना ठाऊक आहे. भांडारकरांसारखे पंडित धर्मशास्त्राचे दाखले देऊन सुधारणेच्या बाजूने उभे होते, टिळक सरकारी हस्तक्षेपाविरुद्ध. जिच्या शरीराबद्दल वाद चालला होता तिला मात्र त्या शरीराबद्दल कुणी काही सांगत नव्हते. आणि घरातल्या लहानग्याने 'आई अशी बाजूला का बसली?' म्हणून विचारले, तर उत्तर ठरलेले असे: कावळा शिवला. पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत लैंगिकतेबद्दलच्या पहिल्या प्रश्नाला मिळालेले हे पहिले उत्तर आहे. ते निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाही. इथे प्रश्न विचारला तरी खरे उत्तर मिळणार नाही, हा धडा मुलाला त्यातून मिळत असे आणि तो जन्मभर पुरत असे.

पुरुषांची स्थिती निराळी होती, बरी नव्हती. त्यांच्या वाट्याला भय आले. वीर्याचा थेंब गेला की आयुष्य गेले ही समजूत, आणि त्या समजुतीवर पोसलेला धातुपौष्टिक औषधांचा धंदा. भिंतींवर आणि वर्तमानपत्रांत त्यांच्या जाहिराती असत. ही भीती इतकी खोल रुजलेली होती की १९६० मध्ये नरेंद्रनाथ विग या मनोविकारतज्ज्ञांनी तिच्यातून होणाऱ्या आजाराला 'धात सिंड्रोम' असे वेगळे नावच दिले. या तरुणांना माहितीचा तुटवडा नव्हता. माहिती भरपूर होती, ती खोटी होती आणि ती देणारा औषध विकत होता.

कर्व्यांचे चरित्र इथे पुन्हा सांगायला नको. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी संततिनियमनाच्या प्रचारामुळे गेली आणि १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सने आपले केंद्र उघडले, हे परिचित आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो १५ जुलै १९२७ चा दिवस, कारण त्या दिवशी 'समाजस्वास्थ्य' निघाले. कर्व्यांनी पुस्तकेही लिहिली. संततिनियमनावरचे १९२३ चे आणि 'आधुनिक कामशास्त्र' हे १९३४ चे. मग मासिकाची गरज का पडली? पुस्तक लेखकाला जे सांगायचे ते सांगते आणि वाचकाला जे विचारायचे ते राहून जाते. नवरा-बायकोच्या संबंधात दुखते का, रात्री झोपेत वीर्य गेले तर क्षय होतो का, स्वतःच्याच लिंगाच्या माणसाबद्दल ओढ वाटते म्हणजे मी वेडा आहे का, असे प्रश्न पोटात घेऊन माणूस वर्षानुवर्षे जगतो. मासिकाने त्याला टपालाची वाट दिली. पत्र लिहिणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, वात्स्यायनाच्या मैत्रिणीसारखाच तिथे बोलण्यात धोका नव्हता. आणि एकाला दिलेले उत्तर छापले गेल्यामुळे, विचारण्याचे धैर्य नसलेल्या इतरांनाही ते आपोआप मिळत होते.

पण केवळ निर्भयता पुरत नाही. चावडीवरच्या गप्पांतही भीती नसते आणि त्यांतून अज्ञानच फिरत राहते. कर्व्यांच्या सदराची दुसरी बाजू अशी की उत्तराखाली जबाबदार माणूस उभा होता. उत्तर छापलेले होते, म्हणून ते तपासता येत होते, त्यावर पुढच्या महिन्यात हरकत घेता येत होती, वैद्य ते खोडू शकत होते, आणि सरकार त्याबद्दल कोर्टातही खेचू शकत होते. लपून विचारलेला प्रश्न आणि उघड्यावर दिलेले उत्तर, ही जोडी इतर कुठल्याच ठिकाणी नव्हती. गोतावळ्यात प्रश्न आणि उत्तर दोन्ही कुजबुजीत राहत. शास्त्रग्रंथात उत्तर उघड असे, पण प्रश्नाला दार नसे. जाहिरातबाजाकडे दोन्ही होते आणि जबाबदारी शून्य. लैंगिक ज्ञानाची साधने या दोन कसोट्यांवर घासून पाहावीत, असे माझे म्हणणे आहे. विचारणाऱ्याला धोका आहे का, आणि सांगणाऱ्याला जबाब द्यावा लागतो का?

यावर पहिला आक्षेप नीतीचा, आणि तो कोर्टानेच घेतला होता. त्या काळची कसोटी १८६८ च्या हिकलिन खटल्यातून आली होती: ज्यांची मने अनैतिक प्रभावाला बळी पडू शकतात, अशांच्या हाती हे लिखाण गेले तर ती बिघडतील का? या कसोटीत सगळा विचार कल्पनेतल्या दुबळ्या वाचकाचा आहे. प्रत्यक्ष पत्र लिहून मदत मागणारा वाचक तिला दिसतच नाही. त्या माणसाच्या मनात विषय आधीच आहे, तो तिथे उत्तराने येत नाही. उत्तर नाकारले तर तो जाहिरातीकडे जातो. बिघाडाची चिंता खरी असेल तर तुलना उत्तर आणि मौन यांच्यात करून भागत नाही, उत्तर आणि भोंदू यांच्यात करावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो टाळू नये. १९३१ च्या जनगणनेत देशात साक्षर शंभरात दहाही नव्हते. मासिक पोचून पोचून किती जणांपर्यंत पोचणार? शेतमजूर बाईने कुठले पत्र टाकायचे? शिवाय एकच माणूस उत्तरे देणार, तर त्याच्या चुकाही छापल्या जाणार. त्या पिढीतले संततिनियमनाचे अनेक पुरस्कर्ते सुप्रजननाच्या, म्हणजे कुणी संतती वाढवावी आणि कुणी वाढवू नये हे ठरवण्याच्या, विचारात गुंतलेले होते. आज तो विचार आपल्याला धोकादायक दिसतो. ही मर्यादा मान्य करूनच बोलले पाहिजे. मात्र पोच कमी होती, यावरून साधन चुकीचे होते असे निघत नाही. ते वाढवायला हवे होते, एवढेच निघते. आणि चुकीबद्दल म्हणाल, तर दरमहा टपाल घेणारे सदर चुकीला दुरुस्तीची संधी देते. छापून मोकळा झालेला ग्रंथ किंवा आजीचा शब्द ती देत नाही.

पोच वाढली ती नंतर, पण दुसऱ्याच रीतीने. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा प्रस्ताव आला. आंबेडकरांचे त्यावरचे भाषण त्यांच्या अनुपस्थितीत पी. जे. रोहम यांनी मांडले आणि प्रस्ताव फेटाळला गेला. १९५२ मध्ये मात्र भारत सरकारनेच कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. कर्व्यांना ते पाहायला मिळाले. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले आणि त्यानंतरच्या महिन्यात 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक निघाला. पुढे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर आला, १९६८ पासून निरोध मिळू लागला, 'दोन किंवा तीन पुरे' ही ओळ निरक्षरालाही पाठ झाली. इतका मोठा प्रचार क्वचितच कुठे झाला असेल. पण या साऱ्या यंत्रणेला तोंड होते, कान नव्हता. भिंतीला प्रश्न विचारता येत नाही. सरकारला जन्मदर कमी करायचा होता. बाईला सुख मिळते का, पुरुषाला कशाची भीती वाटते, हा त्याचा विषयच नव्हता. आणीबाणीत, १९७६ मध्ये, साठ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांत सक्ती किती होती हे जगजाहीर आहे. लोकांना न विचारता, लोकांचे न ऐकता दिलेले लैंगिक 'शिक्षण' कुठवर जाऊ शकते, याचा तो पुरावा आहे. कर्व्यांनी संततिनियमनाला सुखाशी आणि स्त्रीच्या हक्काशी जोडले होते. सरकारने साधन उचलले आणि ती जोड वाटेत गळून पडली.

सदराची परंपरा तेव्हाही तुटली नाही, ती डॉक्टरांकडे गेली. दादरचे डॉ. विठ्ठल प्रभू यांचे 'निरामय कामजीवन' मराठी घरांत लग्नाच्या वेळी गुपचूप दिले जाणारे पुस्तक झाले. डॉ. महिंदर वत्स यांनी 'मुंबई मिरर'मधले प्रश्नोत्तराचे सदर २००५ मध्ये सुरू केले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. २०२० च्या डिसेंबरात वयाच्या ९६ व्या वर्षी ते वारले. त्यांच्याकडे येणारे प्रश्न पाहिले की थक्क व्हायला होते: वीर्य, आकार, हस्तमैथुन, पहिली रात्र. कर्व्यांच्या टपालातून सत्तर वर्षांपूर्वी आलेलेच हे विषय, आणि मधल्या काळात कुटुंबनियोजनाचे एवढे मोठे खाते उभे राहिले होते.

शाळेचा मार्ग २००७ मध्ये अडला. किशोरवयीन शिक्षणाच्या साहित्यातल्या चित्रांवर आमदारांनी हरकत घेतली आणि महाराष्ट्र सरकारने ते शिक्षण थांबवले. हे आईवडिलांचे काम आहे, असे तेव्हा म्हटले गेले. आईवडिलांचा अधिकार मी नाकारत नाही. पण वात्स्यायनाच्या यादीत आई का नव्हती, याचा विचार या युक्तिवादात नाही. जिच्या रागाची भीती आहे आणि जिच्या प्रेमावर सगळे अवलंबून आहे, तिला मूल सगळे विचारू शकत नाही. आता तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. विचारायला तिथे अजिबात धोका नाही, आणि उत्तर कोण देते, कशासाठी देते, चूक निघाली तर कुणाला धरायचे, याचा पत्ता नाही. फोन पहिल्या कसोटीला पूर्ण उतरला, दुसरीत पूर्ण नापास झाला. धातुपौष्टिकवाल्यालाही याहून अधिक काही नको होते.

काही शिक्षक आणि संस्था किशोरांच्या वर्गात प्रश्नपेटी ठेवतात. पुठ्ठ्याचा खोका, वर एक चीर. मुले नाव न लिहिता चिठ्ठी टाकतात आणि शिक्षक पुढच्या तासाला सगळ्यांसमोर उत्तरे देतो. ही 'समाजस्वास्थ्य'चीच रीत आहे, फक्त टपालखर्च वाचलेला. ती चालेल की नाही हे पेटीवर ठरत नाही. चिठ्ठ्यांमध्ये एखादी अशी निघते की वाचताना शिक्षकाचा आवाज अडखळतो, आणि ती बाजूला सारून पुढची घ्यावी असे त्याला वाटते. १९३४ साली दोनशे रुपयांचा दंड झाला तो तसल्याच चिठ्ठीला उत्तर दिल्याबद्दल.