पंचाच्या पाठीमागे

कुस्तीचा पंच आपणा इस्लामपूरकरांना नवा नाही. तेथे दोनच गडी, आणि दोघेही नजरेच्या टप्प्यात. फुटबॉलच्या पंचापुढे बावीस गडी असतात, चेंडू मात्र एकच. आणि सारे मैदान त्या चेंडूकडेच पाहत असते. खोडी काढणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. चेंडू दूर गेला की तो पंचाच्या पाठीमागे कोपर मारतो, पावलावर पाऊल देतो.

१८६३ साली लंडनमध्ये या खेळाचे नियम झाले, त्यात पंचाची तरतूदच नव्हती. सभ्य गृहस्थ मुद्दाम आगळीक करणार नाही, असा तेव्हाचा समज. पुढे प्रत्येक संघ आपला पंच आणू लागला. त्या दोघांचे जमले नाही, तर बाहेर असलेला तिसरा निवाडा करी. १८९१ साली हा तिसरा मैदानात आला आणि ते दोघे रेषेवर गेले. नंतर स्टॅन्ली राऊस यांनी मुख्य पंचाने कर्णरेषेने धावावे, ही पद्धत रूढ केली. चेंडू पंच आणि जवळचा रेषापंच यांच्या मध्ये राहतो. दूरच्या रेषापंचाने मागे राहिलेल्यांवर नजर ठेवावयाची. पाहण्याच्या कामाची ही वाटणीच होय.

तरुणपणी कामगार वस्तीतल्या हौशी सामन्यांत आम्ही शिट्टी घेऊन धावत असू. एकदा चेंडूमागे पळताना पाठीमागे गलका झाला. वळून पाहतो तो एक पोरगा दुसऱ्याला लाथ मारीत होता. आम्ही त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढले. सामना संपल्यावर त्याने ओठ उलटून दाखवला. आतून फाटला होता. पहिला मार त्याने खाल्ला होता, आणि तो आम्ही पाहिला नव्हता.

पुढे संघटनेच्या कामात हेच वारंवार दिसले. उलट बोलणाऱ्या कामगाराच्या हाती आरोपपत्र पडते. आधी त्याला काय ऐकावे लागले, याची नोंद कोठेच नसते.

त्या दिवसापासून आम्ही सवय बदलली. उंच चेंडू हवेत असताना चेंडूकडे न पाहता तो जेथे उतरणार तेथील गड्यांकडे पाहावयाचे. दोघांची झोंबी झाली, तर चेंडू गेल्यावरही क्षणभर नजर तेथेच ठेवावयाची. आणि खेळ चालू असताना गुन्हा झाला, तर फ्री किक गुन्ह्याच्या जागेवरून द्यावयाची, मग चेंडू कोठेही असो.

९ जुलै २००६ रोजी बर्लिनच्या अंतिम सामन्यात झिदानने मातेराझ्झीच्या छातीवर डोके आपटले. चेंडू दुसरीकडे होता. मुख्य पंच एलिझोंदो यांना काहीच दिसले नाही. चौथ्या पंचाने सांगितले, आणि झिदान बाहेर गेला. पुढे चौकशीत मातेराझ्झीचे चिथावणीचे बोलणेही विचारात घेतले गेले. झिदानला तीन, तर त्याला दोन सामन्यांची बंदी झाली. २०१८ च्या विश्वचषकात चित्रफीत पाहणारे पंच आले. हौशी मैदानावर ती सोय कोठून असणार?

म्हणून आमचे एक मागणे आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमींचा सामना पाहावयास जाल, तेव्हा पाच मिनिटे चेंडू सोडून मागे राहिलेल्या गड्यांकडे पाहा. पंचाला शिवी देण्यापूर्वी एवढे केले तरी पुष्कळ.