सनदेतली तारीख आणि एआय

जुने मोडी कागद वाचून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. गेल्या वर्षापर्यंत एआयला मी हात लावला नव्हता. जे शिकायला मला पंधरा वर्षं लागली, ते यंत्र दोन मिनिटांत करणार, हे पचत नव्हतं. खरं सांगायचं तर भीतीच होती.

मग एक चाचा आले. गावातल्या मशिदीच्या दिवाबत्तीसाठी मिळालेल्या इनाम जमिनीची सनद घेऊन. सुनावणी आठवड्यावर. मोडीचं देवनागरी मी केलं, सारांश आणि इसवी तारीख एआयकडून काढली. सारांश झकास. तारीख मात्र आली फेब्रुवारी १७६०.

सनदेत होतं, 'सलास सबैन मया व अलफ, छ ५ रजब'. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११७३. शब्द अरबी, महिना रजब, म्हणून यंत्राने हिजरी सन धरला. पण पेशवे दप्तरात असा आकडा दिसला की तो शुहूर सन. त्यात महिना आणि तारीख चंद्राची ('छ' म्हणजे चंद्र), वर्ष मात्र सूर्याचं, मृग लागला की बदलणारं. हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतं, पीक काही सरकत नाही. शेतसाऱ्याला सौर वर्षच हवं. शुहूर सनात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. म्हणजे ही सनद ऑक्टोबर १७७२ ची.

पुण्यातले ब्राह्मण कारकून रोज अरबीत साल लिहीत होते, हे भाषेला धर्म चिकटवणाऱ्यांना कोणी सांगावं!

बारा वर्षांचा फरक किरकोळ नव्हता. सनदेवर शिक्का माधवरावांचा आणि ते पेशवे झाले १७६१ मध्ये. १७६० लिहून दिलं असतं, तर समोरच्या वकिलाने कागद बनावट ठरवला असता.

शुहूर सन समजावून सांगितल्यावर एआयने हिशोब बिनचूक केला. तेव्हापासून मसुदे, शब्दांच्या याद्या, इंग्रजी भाषांतर त्याच्याकडे असतं. सन कोणता, हे मी ठरवतो.

"भाई, मशीन चुकलं का?" चाचांनी विचारलं.

"हो चाचा. आणि घाईत मीही सही करणार होतो."

त्यांनी सनद पुन्हा हिरव्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्या मेहनतान्याचं विचारलं. तो मी नेहमीएवढाच सांगितला.