सालामांकाचा विद्यार्थी, निजामशाहाचा वैद्य

अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला दाखवणारा माणूस नेहरूंची खोली दाखवतो, चांदबीबीची गोष्ट रंगवून सांगतो. गार्सिया द ओर्ता हे नाव त्या गप्पांत सहसा निघत नाही. आणि खरं तर त्याच्या काळात ही दगडी तटबंदी होतीच कुठे? ती हुसेन निजामशाहाने १५५९ पासून उभी केली. ओर्ता यायचा तो हुसेनचे वडील बुऱ्हाण निजामशाह यांच्याकडे. गोव्याहून, वैद्य म्हणून.

माणूस पोर्तुगीज, पण विद्या स्पेनची. त्यामागे एक वेदनेचा इतिहास आहे. त्याचं घराणं मूळचं स्पेनमधलं ज्यू. १४९२ साली तिथल्या राजाराणीने फर्मान काढलं, की ज्यूंनी बाप्तिस्मा घ्यावा नाहीतर देश सोडावा. हे कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आलं, तर तिथेही पाच वर्षांत सक्तीचा बाप्तिस्मा वाट्याला आला. कास्तेलो द व्हिदे या सरहद्दीजवळच्या गावात १५०० च्या आसपास गार्सिया जन्मला, आणि मोठा झाल्यावर शिकायला गेला तो ज्या देशाने आईबापांना हाकललं होतं त्याच देशात!

सालामांकाचं विद्यापीठ तेव्हाच तीनशे वर्षांचं जुनं. आल्काला द एनारेसचं मात्र अगदी ताजं, कार्डिनल सिस्नेरोस यांनी नुकतंच काढलेलं. गार्सिया दोन्हीकडे शिकला. शिकवणं लॅटिनमध्ये असल्यामुळे पोर्तुगीज पोराला वर्गात भाषेची अडचण नव्हती. बाजारात आणि खानावळीत कॅस्टिलियन कानावर पडे ती वेगळी. त्या भाषेचं पहिलं छापील व्याकरण लिहिणारे नेब्रिहा याच वर्षांत आल्कालाला शिकवत होते. वैद्यकाचा अभ्यास म्हणजे मुख्यतः गेलेन, हिपोक्रेटिस आणि अविसेना यांचे ग्रंथ. ग्रीक आचार्याचं वचन निघालं की वाद मिटला. आपल्या जुन्या पाठशाळांतल्या पंडितांना हे वातावरण परकं वाटलं नसतं.

१५२३ मध्ये तो मायदेशी परतला, पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला आणि १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सोझाच्या ताफ्याबरोबर गोव्यात उतरला. दोनच वर्षांत पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह हुडकून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं. वेळ साधली म्हणायची.

निजामशाही आणि पोर्तुगीज यांचं नातं धूपछावेचं होतं. चौलला पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये कोट बांधला तो बुऱ्हाणच्याच परवानगीने. बुऱ्हाणच्या दरबारात हकिमांची वाण नव्हती. अरबी वैद्यक जाणणारे, इराणातून आलेले विद्वान तिथे वावरत. त्यांच्यात हा सालामांकाचा पदवीधर जाऊन बसला, आणि देवाणघेवाण सुरू झाली. सुलतान ओर्ताला रोगांची आणि औषधांची अरबी नावं सांगे, ओर्ता सुलतानाला तीच नावं लॅटिनमध्ये शिकवी. कल्पना करून पाहा: दख्खनच्या पठारावर, तुर्की-फार्सी-मराठी बोलणाऱ्या माणसांच्या गराड्यात, दोन मोठी माणसं शाळकरी पोरांसारखी एकमेकांकडून शब्द घोकून घेताहेत.

या सगळ्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापून निघालं. भारतातल्या औषधी द्रव्यांवरचे हे संवाद. छपाईच्या चुका इतक्या, की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावं लागलं. पुस्तकात दोन मुख्य पात्रं आहेत. एक स्वतः ओर्ता. दुसरा डॉक्टर रुआनो, सालामांका-आल्कालाचा जुना सहाध्यायी, स्पेनहून नुकताच आलेला. रुआनो काल्पनिक आहे. तो सारखा पोथीतला आधार काढतो आणि ओर्ता त्याला अंतोनिया या दासीकडून आणवलेली जिन्नस समोर ठेवून दाखवतो. एके ठिकाणी ओर्ता कबूल करतो, की स्पेनमध्ये असतो तर गेलेनविरुद्ध तोंड उघडायचं धाडस झालं नसतं. रुआनो म्हणजे तरुणपणचा ओर्ताच, असं मानायला जागा आहे.

पटकीवरचा संवाद मराठी वाचकाने मुद्दाम पाहावा. रोगी किती झपाट्याने ढासळतो हे ओर्ता पाहून लिहितो, आणि नावंही देतो. अरबी नाव हैजा. इथले लोक म्हणतात ‘मोर्शी’. आम्ही पोर्तुगीज ते बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो. ही आपली मोडशी! पोट बिघडून उलट्या-जुलाब झाले की आजी जो शब्द वापरायची तो. पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याचं ‘मोर द शियां’ झालं, म्हणजे कुत्र्याचं मरण. शब्दाची इतकी दैना क्वचितच होते.

पुस्तक हातोहात युरोपात पोचलं. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन सारांश १५६७ मध्ये अँटवर्पला छापला. १५७८ मध्ये क्रिस्तोबाल आकोस्ताने ओर्ताच्याच पायावर, चित्रं घालून, स्पॅनिशमध्ये ग्रंथ केला आणि तो स्पेनमधल्या बुर्गोसला निघाला. स्पेनमध्ये शिकलेल्या विद्यार्थ्याने दख्खनच्या परिसरात जमवलेलं ज्ञान असं स्पॅनिश वाचकांच्या हाती पडलं.

ओर्ता हे पाहायला नव्हता. तो १५६८ मध्ये गोव्यात वारला. इन्क्विझिशन तोवर गोव्यातही आलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्ताचीही हाडं थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. पणजीत आज त्याच्या नावाची बाग आहे.