कॉम्प्रेशन मोजे आणि धावण्याचे बूट: कुणासाठी बनले, कुणाकडे आले

नव्याने धावायला लागलेली मंडळी तपासणीला आली की दोन प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, बूट कोणते घेऊ?" आणि "ते घट्ट कॉम्प्रेशन मोजे घेऊ का?" दोन्ही वस्तू महाग आहेत आणि खोक्यावरचे दावे त्याहून मोठे आहेत. म्हणून आज थोडं मागे जाऊ. या वस्तू मुळात कुणासाठी तयार झाल्या हे कळलं, की आपल्याला त्यांची किती गरज आहे हे ठरवणं सोपं जातं.

आधी रुग्णाचा मोजा

पाय आवळून बांधण्याचा इलाज फार जुना आहे. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक ग्रंथांतही पायाच्या चिघळलेल्या जखमांवर पट्टी बांधण्याचा उल्लेख सापडतो. पण पट्टी सैल पडते, घसरते. सतराव्या शतकात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचे शल्यचिकित्सक रिचर्ड वाइजमन यांनी यावर तोड काढली. बुटासारखी नाडी आवळून घालायचा चामड्याचा मोजा ते रुग्णांना देत. १६७६ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात त्याचं वर्णन आहे.

या मोज्याने बरं का वाटतं, याचं कारण शिरांमध्ये आहे. शिरांमधल्या झडपांचं वर्णन १६०३ मध्ये इटलीतल्या फॅब्रिशियस यांनी केलं. त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये दाखवून दिलं की या झडपा रक्ताला हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात.

हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं, पण ते वर आणण्याचं बरंचसं काम पोटरीचे स्नायू करतात. तुम्ही नुसते उभे असता तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या साधारण ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालायला लागलात की पोटरी शिरा पिळते आणि तोच दाब ३०च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या तर रक्त खाली साचतं, पाय सुजतो, घोट्याजवळची कातडी काळवंडते आणि तिथे जखम होते. तासन्‌तास उभं राहून काम करणाऱ्यांमध्ये हा त्रास आम्ही नेहमी पाहतो.

एकोणिसाव्या शतकात चार्ल्स गुडइयर यांच्या प्रक्रियेमुळे टिकाऊ, ताणलं जाणारं रबर मिळालं आणि चामड्याची जागा इलॅस्टिकच्या मोज्याने घेतली. पण खरी सुधारणा एका रुग्णानेच केली. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातले इंजिनिअर कॉनराड जॉब्स्ट शिरांच्या आजाराने आणि पायाच्या जखमांनी त्रस्त होते. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की आपल्याला आराम पडतो, हे त्यांच्या लक्षात आलं. पाणी जितकं खोल, तितका त्याचा दाब जास्त. म्हणजे घोट्यावर सर्वांत जास्त आणि वर कमी कमी होत जाणारा. शिरेतल्या दाबाची चढणही नेमकी तशीच असते. त्यांनी त्याच हिशेबाने मोजा तयार केला आणि १९५० च्या सुमारास तो बाजारात आणला. आज आम्ही लिहून देतो तो घोट्याला घट्ट, वर सैल मोजा याच कल्पनेतून आलेला आहे.

मोजा मैदानात उतरला

मैदानातही तो सुरुवातीला दुखण्याच्या निमित्तानेच आला. २००१ मध्ये बास्केटबॉलपटू ॲलन आयव्हर्सनने कोपराच्या सुजेसाठी हातावर घट्ट बाही चढवली. पुढे ती फॅशन झाली आणि कोपर ठणठणीत असलेले खेळाडूही बाह्या घालू लागले. त्याच दशकात पॉला रॅडक्लिफ ही मॅरेथॉनपटू गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून धावताना दिसली. मग जगभरच्या शर्यतींत ते मोजे दिसायला लागले.

इथे एक गोष्ट निसटली. जॉब्स्ट यांचा मोजा बिघडलेल्या झडपांसाठी होता. निरोगी धावपटूच्या झडपा चांगल्या असतात आणि पोटरीचा पंप तर धावताना जोरात चालू असतो. त्यामुळे मोज्याने वेग वाढतो असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. धावल्यानंतरचं अंग दुखणं काही जणांना थोडं कमी जाणवतं, एवढं दिसतं. त्यातही अडचण आहे. पायात घट्ट मोजा आहे की नाही हे घालणाऱ्याला कळतंच, त्यामुळे मनाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. तेव्हा बरं वाटत असेल तर जरूर घाला. नाही घेतले तरी तुमचं काही बिघडत नाही.

बुटाचीही तीच गोष्ट

अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बाॅवरमन १९६२ मध्ये न्यूझीलंडला गेले. तिथे आर्थर लिडियर्ड यांच्यामुळे साधी, मध्यमवयीन माणसं मजेत धावताना त्यांनी पाहिली. परत आल्यावर एका हृदयरोगतज्ज्ञासोबत त्यांनी जॉगिंगवर पुस्तक लिहिलं आणि सामान्य माणूस रस्त्यावर धावू लागला. त्याच्यासाठी मऊ बूट हवे होते. बाॅवरमन यांनी घरातल्या वॉफलच्या साच्यात रबरी तळवा ओतून पाहिला तो किस्सा प्रसिद्धच आहे. १९७० च्या दशकात तळव्यात हलका फोमही आला.

मग दुकानदारांनी पाय पाहून बूट ठरवायला सुरुवात केली. सपाट पायाला कडक बूट, जास्त कमानीच्या पायाला मऊ. ऐकायला हे पटतं. पण २०१० च्या सुमारास अमेरिकी सैन्यातल्या नव्या भरतीच्या जवानांवर ते तपासलं गेलं. काहींना पायाच्या आकारानुसार बूट दिले, बाकीच्या सगळ्यांना एकाच प्रकारचे. दोन्ही गटांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

याउलट दुसऱ्या एका अभ्यासात जवानांना बुटात घालायच्या सहा प्रकारच्या तळव्यांतून सर्वांत आरामशीर वाटेल तो निवडायला सांगितलं. प्रत्येकाची निवड वेगळी होती आणि तळवा न मिळालेल्यांपेक्षा या जवानांना दुखापती कमी झाल्या. कॅनडातल्या कॅलगरीचे संशोधक बेन्नो निग यांनी २०१५ मध्ये हेच सूत्र मांडलं: पायाला जो बूट आरामशीर वाटतो, तोच बहुधा त्याला मानवतो.

जिथे पायावर विसंबता येत नाही

पण या सूत्रात एक अट लपलेली आहे. पायाला जाणीव असायला हवी. आपल्याकडे मधुमेहाचे रुग्ण भरपूर आहेत आणि त्यातल्या अनेकांचे तळपाय बधिर झालेले असतात. अशा पायाला चावणारा बूटही आरामशीर वाटतो. फोड आल्याचं कळतं ते मोज्याला डाग लागल्यावर. म्हणून बधिरपणा असेल तर बूट आमच्या सल्ल्याने घ्या, घालण्याआधी आत हात फिरवून पाहा आणि रोज रात्री तळवे तपासा.

घट्ट मोज्याचंही तसंच. पायाच्या रोहिण्यांत अडथळा असेल तर मुळातच कमी येणारं रक्त मोजा आणखी अडवतो आणि कातडी मरू शकते. चालताना पोटरीत वळ येऊन थांबावं लागत असेल, पाय गार पडत असतील, तुम्ही धूम्रपान करत असाल, मधुमेह किंवा हृदय कमजोर असेल, तर आधी तपासणी. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांची तुलना करून हे सोप्या पद्धतीने कळतं. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर मोजे शोधत बसू नका. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाकीच्यांसाठी खरेदी सोपी आहे. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. धावताना वापरता तेच मोजे घालून जा. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा आणि दुकानात चार पावलं धावून पाहा. पुढे सैल होईल, या भरवशावर घेऊ नका. कॉम्प्रेशन मोजा घ्यायचा तर घोटा आणि पोटरी मोजून घ्या. वरची कड गुंडाळली जाऊन रुतत असेल, बोटं निळसर पडत असतील किंवा मुंग्या येत असतील, तर तो मोजा तुमचा नाही. लगेच काढा.