तालीमबंधूंची कुस्ती

तालीमबंधूंची कुस्ती : एकाच वस्तादाच्या हाताखाली तयार झालेल्या, रोज एकाच आखाड्यात एकमेकांशी लढणाऱ्या दोन पैलवानांची जाहीर मैदानात किंवा स्पर्धेत पडणारी गाठ. अशा कुस्त्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. मात्र महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठीची शेवटची लढतच दोन तालीमबंधूंमध्ये व्हावी, हा प्रसंग २०२० ते २०२३ या काळात तीनदा आला. तिन्ही वेळा तालीम एकच होती : मूळचे लातूर तालुक्यातल्या साई गावचे अर्जुन पुरस्कार विजेते काका पवार यांची, पुण्याजवळ कात्रजला असलेली. या लढतींतला एक पैलवान लातूरचा होता, तर दुसऱ्या एकाने नांदेड जिल्ह्याच्या नावाने गदा उचलली. त्यामुळे हा विषय मुख्यतः पुण्यात घडला तरी त्याची मुळे मराठवाड्यात शोधावी लागतात.

त्या मुळांशी हरिश्चंद्र बिराजदार यांचे नाव येते. निलंगा तालुक्यातले रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. ते कुस्तीत नाव काढत होते तेव्हा लातूर हा जिल्हाही नव्हता. उस्मानाबादपासून तो १९८२ साली वेगळा झाला. मराठवाड्यातल्या होतकरू पोराने कोल्हापूरची वाट धरायची, हा तेव्हाचा शिरस्ता होता. शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या तिथल्या तालमींत वस्ताद होते, खुराकाची सोय होती आणि मुख्य म्हणजे रोज लढायला तोडीस तोड जोड मिळत असे. बिराजदार गंगावेश तालमीत दाखल झाले. १९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. १९७७ साली बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सत्पालला हरवले. गुरू हनुमानांचा हा पठ्ठा त्या काळात महाराष्ट्रातल्या भल्याभल्यांना भारी पडत होता. त्यामुळे त्या कुस्तीचे किस्से जुने शौकीन आजही रंगवून सांगतात, आणि किस्सा जितक्या तोंडून ऐकावा तितकी गर्दी वाढत जाते.

लढणे थांबल्यावर बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले. पैलवान त्यांना ‘मामा’ म्हणत. काका पवार त्यांच्याच हाताखाली घडले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे लहान वयात मामांकडे आला आणि २०११ मध्ये मामा गेल्यावर पवारांच्या तालमीत राहिला. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात मिळवलेले सुवर्णपदक त्याने मामांच्या स्मृतीला वाहिले. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात त्याने कांस्यपदकही आणले. गुरू, गुरूचा शिष्य आणि दोघांचा मिळून एक पठ्ठा अशी ही साखळी लातूर-बीडच्या मातीतून निघाली. ती वाढली मात्र पुण्यात.

तालीमबंधूंचे नाते समजायला तालमीचा दिवस पाहावा लागतो. पहाटे जोर-बैठका, मग आखाडा, संध्याकाळी पुन्हा मेहनत. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मिसळून ती मऊ ठेवलेली असते. कोणी कोणाशी लढायचे हे वस्ताद ठरवतो. मोठ्या पैलवानावर आळीपाळीने दोघे-तिघे सोडायचे, पहिल्याने दमवायचे, ताज्या दमाच्या दुसऱ्याने कस काढायचा, ही जुनी रीत. बदाम घोटण्यापासून भाकरी थापण्यापर्यंतची कामे वाटून घेतलेली असतात. अंग चोळून देणाराच तासाभरापूर्वी मानेवर रेटा देत असतो. इथे दोस्ती आणि चुरस यांचे वेगवेगळे कप्पे नसतात. ज्याला आपला जोड मुद्दाम हळू लढतोय असे कळते, तो वस्तादाकडे तक्रार करतो. कारण तालमीत मिळालेली सूट मैदानात महागात पडते. चांगला तालीमबंधू म्हणजे रोज पाडू शकणारा माणूस, आणि तालमीतला खरा डावपेच असा जोड जवळ ठेवण्यात असतो.

तरीही दोन बंधू किताबासाठीच समोरासमोर यावेत, याला भावनेपेक्षा स्पर्धेची रचना अधिक कारणीभूत आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली मराठवाड्यातच, औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. पुढे स्पर्धेचे दोन विभाग झाले : माती आणि गादी, म्हणजे मॅट. दोन्हींतले विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. म्हणजे एका तालमीचा एक मल्ल मातीत आणि दुसरा गादीवर उतरला, तर शेवटच्या दिवसापर्यंत त्यांची गाठच पडत नाही. दोघेही टिकले, तर मात्र ती टळत नाही.

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. पैलवान जिल्हा किंवा शहर संघातर्फे उतरतो आणि प्रत्येक संघाच्या जागा मोजक्या असतात. पुणे, कोल्हापूर, सोलापूर इथे निवड चाचणीतच अंतिम फेरीच्या तोडीच्या कुस्त्या होतात. त्यामुळे कित्येक मल्ल दुसऱ्या जिल्ह्याचे दार ठोठावतात. त्या तीन लढतींतला हर्षवर्धन सदगीर हा नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा, खेळला नाशिककडून. शिवराज राक्षे पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरचा, पण फलकावर नाव लागले नांदेडचे. नांदेडच्या शौकिनांना ही गदा आपली वाटली की पाहुण्याची, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. फलकावर जिल्हे बदलतात. तालीम बदलत नाही.

२०२० च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीच्या क्रीडानगरीत दोन तालीमबंधूंची अशीच गाठ पडली. लातूरचा, औसा तालुक्यातला शैलेश शेळके मातीतून वर आला आणि सदगीर गादीवरून, गतविजेत्यांपैकी एक असलेल्या अभिजित कटकेला मागे टाकून. दोघेही पवारांचे पठ्ठे. गदा कोणीही उचलली असती तरी ती एकाच तालमीत जाणार, हे सलामी होण्याआधीच ठरून गेले होते. अशा वेळी वस्तादाची अडचण विचित्र असते : कोणत्या कोपऱ्यात बसून कोणाला सूचना द्यायच्या?

लढत ३-२ अशी सुटली आणि सदगीर जिंकला. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत एवढेच गुण लागावेत, याचे कारण उघड आहे. पट काढायला कोणता हात आधी सुटतो, दम कितव्या मिनिटाला लागतो, ढाक मारण्याआधी खांदा कसा वळतो, हे दोघांनाही तोंडपाठ. मग खडाखडी लांबते आणि डाव टाकण्यापेक्षा डाव काढून घेण्याकडे लक्ष राहते. शेळकेपुढे आणखी एक अडचण होती. मातीचा विजेता असला तरी किताबाची लढत मॅटवर होते. तिथे पाय वेगळे रोवावे लागतात आणि रेषेबाहेर गेले की गुण जातो. निकालानंतर सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत गदेपेक्षा तो फोटोच जास्त गाजला.

ओळखीमुळे कुस्ती नेहमी लांबते असे मात्र नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत राक्षेने गादी विभागाच्या निर्णायक लढतीत सदगीरलाच हरवले. म्हणजे तालीमबंधूंची पहिली गाठ तिथेच पडली. मातीत सोलापूर जिल्ह्याचा महेंद्र गायकवाड आणि गंगावेश तालमीचा सिकंदर शेख यांची झुंज झाली. गायकवाडला बाहेरच्या टांगेवर दिलेल्या गुणांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला. पारांवर, चहाच्या टपऱ्यांवर तो डाव हजारदा पुन्हा मारला गेला. शेवटी गायकवाड आणि राक्षे समोर आले, पुन्हा एकाच तालमीचे. या वेळी फार काही घडले नाही. राक्षेने मिनिटभरात गायकवाडला चितपट केले आणि गदेबरोबर थार गाडी घेऊन गेला. दोघांची माहिती सारखीच असली, तर ती आधी वापरेल त्याची सरशी होते. सदगीर आणि शेळके थांबून राहिले. राक्षे थांबला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात संघटनांच्या फुटीमुळे दोन वेगवेगळ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने राक्षेला लोळवले. ज्या गंगावेशीत बिराजदार घडले, तिचाच मल्ल बिराजदारांच्या शिष्याच्या पठ्ठ्यावर मात करून गेला, हा योग नोंदवण्यासारखा आहे. काही दिवसांनी धाराशिवला राक्षे पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. समोर पुन्हा सदगीर होता, आणि राक्षे जिंकला.

हातात मोबाइल आलेल्या नव्या पिढीला अशा नात्यांची ओळख जपानी चित्रकथांतूनही झाली आहे. अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही मांगा १९८४ ते १९९५ या काळात ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात चालली. तिच्यात गोकू आणि क्रिलिन हे एका म्हाताऱ्या गुरूचे दोन चेले. सुरुवातीला एकमेकांवर कुरघोडी करणारे, मग जिवाभावाचे. गुरूने दोघांना स्पर्धेत उतरवले आणि स्वतः वेष बदलून त्याच स्पर्धेत नाव घातले. जिंकले की पोरांच्या डोक्यात हवा जाईल, म्हणून त्यांना आपणच हरवायचे, हा त्याचा बेत. तो साधलाही. मराठवाड्यातल्या वस्तादाला ही युक्ती पटेल. फक्त त्याला वेष बदलावा लागत नाही. पोरगा जिल्ह्यात नाव काढून परतला की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर तालमीतला सगळ्यांत भारी गडी सोडला जातो. एक फरक मात्र मोठा आहे. चित्रकथेत प्रत्येक नायकाचा ठेवणीतला गुप्त डाव असतो आणि तो ऐन वेळी बाहेर येतो. एका छपराखाली राहणाऱ्या मल्लांना तशी चैन नसते. घिस्सा, भारंदाज, कलाजंग, एकलंगी, धोबीपछाड – सगळ्यांना सगळे ठाऊक. गुप्त राहतो तो वेळ, म्हणजे नेमका डाव केव्हा टाकायचा हे.

गावच्या जत्रेत याच नात्याकडे संशयाने पाहिले जाते. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे, उंट, लावणी यांच्याबरोबर कुस्त्यांचा फडही तिथे मोठा असतो. लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेतही महाशिवरात्रीच्या सुमाराला मैदान गाजते. हलगी कडाडते, पैलवान मैदानाला फेरी मारतो, पंच उंची आणि अंग पाहून जोड लावतात. एकाच तालमीचे दोघे निघाले की ते सहसा ती जोड लावत नाहीत. कारण सरळ आहे : बक्षीस वाटून घ्यायचे ठरले की नुरा कुस्ती होते, आणि पैसे देणारे गावकरी ते ओळखतात. वीस मिनिटे खडाखडी चालूनही कोणाची पाठ लागली नाही, की फडातून आरडाओरडा सुरू होतो आणि पंच कुस्ती सोडवून बरोबरी देतात. स्पर्धेत मात्र गुणफलक, वेळ आणि निष्क्रियतेचा दंड असल्याने तशी लढत निभत नाही. बालेवाडीची ३-२ ची लढत जत्रेच्या मैदानात झाली असती, तर ती कदाचित बरोबरीतच सुटली असती.

तालीमबंधू समोरासमोर येण्याचा पेच दिल्लीतही आहे. बिराजदारांकडून बेळगावात हरलेल्या सत्पाल यांनी पुढे छत्रसाल स्टेडियमवर मल्ल घडवले. २०२४ च्या निवड चाचणीत तिथलाच अमन सेहरावत टोकियो ऑलिंपिकचा रौप्यपदक विजेता रवी दहिया याला मागे सारून पुढे गेला आणि पॅरिसमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक घेऊन आला. तिथे वजनगट एक आणि ऑलिंपिकची जागाही एकच. माती-गादीची सोय नसल्याने बंधूंची गाठ अंतिम फेरीपर्यंत पुढे ढकलता येत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत राक्षे पुन्हा नांदेडकडून उतरला. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध पाठ टेकल्याचा निर्णय झाला. तो मान्य न झाल्याने राक्षेने पंचांशी वाद घातला आणि त्यांना लाथ मारली. अंतिम लढतीत मोहोळसमोर गायकवाड होता. शेवटच्या क्षणांत गुणावरून वाद झाला आणि तो मैदान सोडून गेला. दोन वर्षांपूर्वी गदेसाठी एकमेकांशी लढलेल्या या दोन्ही तालीमबंधूंवर संघटनेने एकाच वेळी तीन वर्षांची बंदी जाहीर केली. गदा मुळशीच्या मोहोळकडे गेली.